वेबसाइटचं ४०४ चं, म्हणजे ‘पान सापडलं नाही’वालं पान करतोयस तर आधी हे बघ
अरे त्यावर रडकं कार्टून नंतर टाक, आधी सर्व्हर खरंच ४०४ कोड पाठवतोय का ते बघ, बरेच जण झकास पान बनवतात पण कोड जातो २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, आणि गूगल त्याला सॉफ्ट ४०४ (कोड ठीकचा, पण पान नाहीच) धरतं. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाचे असेल तर त्याच्या एररडॉक्युमेंट या सेटिंगपुढे स्लॅशने सुरू होणारा लोकल पाथच दे, एचटीटीपीएसवाला पूर्ण पत्ता टाकलास की तो रीडायरेक्ट करतो, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो, मग ४०४ गेलंच. पानावर सर्च बॉक्स नि दोन-चार कामाच्या लिंका, बास. सगळ्यांना होमपेजवर ढकलू नकोस, वैताग येतो. पान हलवलंय तर ३०१ कोड पाठव, कायमचं काढलंय तर ४१०. आणि ५०० चं, म्हणजे सर्व्हरच गडबडल्यावरचं, पान साधं एचटीएमएल ठेव, डेटाबेस झोपला म्हणूनच बऱ्याचदा ते दिसतं, मग त्यात मेनू डेटाबेसमधून कुठून येणार!