शंका-समाधान : बेरियमचे अर्धायुष्य लांबते का?

प्रश्न : सीझियम-137 च्या जनरेटरमधून (सीझियमपासून तयार होणारे बेरियम द्रावणाने धुऊन काढायचे उपकरण) बेरियम-137एम, म्हणजे बेरियम-137 ची उत्तेजित अवस्था, काढून 662 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या गॅमा शिखराची दर 20 सेकंदांची मोजणी दहा मिनिटे केली. अर्धायुष्य 153 सेकंद यायला हवे, येते 168. सुरुवातीला डेड टाइम (डिटेक्टर आधीच्या नोंदीत गुंतल्याने नवे काही मोजू न शकणारा वेळ) 10 टक्के दिसतो. चूक कुठे?

उत्तर : चूक एक नाही, दोन आहेत, आणि दोन्ही एकाच दिशेने ओढतात. मोजणीचा लॉगॅरिदम काळासमोर मांडा. रेषा शेपटीकडे आडवी होत असेल तर बॅकग्राउंड, म्हणजे नमुन्यातल्या बेरियमखेरीज इतरत्रून येणारी मोजणी, वजा केलेला नाही. डोक्याकडे चपटी असेल तर डेड टाइम.

समजा पहिली मोजणी 6000 आहे. दहा मिनिटांनी 396 उरायला हव्यात. त्यात प्रत्येक खेपेला बॅकग्राउंडचे 60 मिसळले, की पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांवरून 161 सेकंद येतात. शिवाय डेड टाइममुळे सुरुवातीचे 6000 घटून 5400 झाले, की थेट 168. तुमचाच आकडा!

हे 60 बहुतेकदा खोलीतले नसतात. डिटेक्टरशेजारी विसरलेला जनरेटर किंवा द्रावणाबरोबर निसटलेले सीझियम, दोन्हींतून हेच शिखर येते, कारण 'सीझियमची रेषा' म्हणतात ती मुळात बेरियमचीच. त्यामुळे ऊर्जेवरून त्यांना वेगळे करता येत नाही. काळावरूनच करावे लागते. नमुना जागचा न हलवता अर्धा तास थांबा. तोवर जवळजवळ बारा अर्धायुष्ये उलटतात आणि 6000 पैकी दोनही उरत नाहीत. नंतर जे मोजले जाते, तेच सगळ्या खेपांतून वजा करा. ही मोजणी मात्र लांब घ्या, दहा मिनिटे तरी, आणि 20 सेकंदांच्या हिशेबाने भागा.

डेड टाइमसाठी प्रत्येक खेप 20 सेकंद रिअल टाइमची (घड्याळातल्या वेळेची) ठेवा आणि मोजणीला 20 भागिले लाइव्ह टाइम (डेड टाइम वगळून उरलेला वेळ) एवढ्याने गुणा. लाइव्ह टाइम 20 सेकंदांवर बांधला, तर सुरुवातीच्या खेपा घड्याळात 22 सेकंदांच्या होतात आणि काळाचा अक्षच चुकतो. त्याहून सोपे म्हणजे नमुना जरा लांब ठेवणे.

प्रश्न : एरवी निमिषात विझणारी उत्तेजित अवस्था इथे अडीच मिनिटे कशी टिकते? आणि 32 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टजवळचे छोटे शिखर कसले?

उत्तर : वरच्या अवस्थेचे स्पिन (अणुकेंद्राचा कोनीय संवेग) 11/2, खालचीचे 3/2, पॅरिटीही (अवस्थेची आरशातली सममिती) वेगळी. एकाच गॅमा फोटॉनला कोनीय संवेगाचे किमान चार एकक न्यावे लागतात, आणि अशी संक्रमणे फार मंद असतात. मंद असल्यामुळेच दुसरी वाट फावते : दहातल्या साधारण एका खेपेला गॅमाऐवजी अणूतला इलेक्ट्रॉनच बाहेर फेकला जातो. आतल्या कवचातली ती रिकामी जागा भरताना बेरियमचा 32 चा क्ष-किरण निघतो. डिटेक्टरचे आवरण जाड असेल तर तो दिसणारही नाही. दिसला तर त्याचेही अर्धायुष्य काढा, तेही 153 सेकंदच यायला हवे.