परळला टाटा मेमोरियलमध्ये बाबांना ३० प्रश्नांचा ‘जीवनाचा दर्जा’ फॉर्म दिलाय. तो मी भरला तर चालेल का?

नाही, उत्तरं बाबांचीच हवीत. तुम्ही प्रश्न वाचून दाखवा आणि ते सांगतील त्या आकड्याला गोल करा. हा बहुधा क्यूएलक्यू-सी३० (कर्करोगाच्या रुग्णांसाठीची प्रश्नावली) असणार, मराठीतही मिळतो. मी कर्करोगाच्या अभ्यासांत असेच फॉर्म भरून घेते. दम लागणं, झोप, भूक, पैशाची ओढाताण, सगळं गेल्या आठवड्यापुरतं, १ ते ४ मध्ये. शेवटचे दोन प्रश्न तेवढे १ ते ७. घरची माणसं बहुतेकदा रुग्णापेक्षा त्रास जास्त धरतात. (उलटंही होतं, मुलांसमोर दुखणं लपवणारे बाबा काही कमी नाहीत, म्हणून वाचताना ‘बरं आहे ना?’ असं सुचवू नका.) ते उत्तर देण्याच्या स्थितीतच नसतील तर मात्र आधी नर्सला विचारा, तुम्ही भरलात तर तशी नोंद फॉर्मवर करा.