आधी वजन करा, मग खर्चाला कात्री लावा

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही लालबागला चाळीत राहतो. आमचा मोत्या देशी आहे, चार वर्षांचा, नसबंदी झालेला. त्याच्या खाण्यालाच दर महिन्याला मोठी रक्कम जाते, दहा किलोची पिशवी पंचवीस दिवसांत संपते. शिवाय महिन्यातून एकदा पार्लरमध्ये आंघोळ आणि नखं. आता मुलीच्या क्लासची फी वाढली आहे. मिस्टर म्हणतात, तो घरातच असतो, यंदा लशी नको. तुम्ही सांगा, हात कुठे आखडायचा? मागच्या वेळी दवाखान्यात त्याचं वजन २४ किलो भरलं होतं.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ शेवटची आहे. आपले देशी कुत्रे बहुतेक १५ ते २० किलोंमध्ये बसतात. त्यामुळे मोत्या उंचापुरा नसेल, तर तो जाड झालाय. खात्री करून घ्या. बरगड्यांवरून हात फिरवा, त्या न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत. वरून पाहिलं तर पोटाच्या जागी कंबर आत गेलेली दिसली पाहिजे.

आता हिशेब बघा. पंचवीस दिवसांत दहा किलो, म्हणजे रोजचे ४०० ग्रॅम. साधारण १८ किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला ९०० कॅलरींच्या आसपास पुरतात, आणि बहुतेक कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० च्या जवळपास कॅलरी असतात. म्हणजे २६० ग्रॅम खूप झाले. तीच पिशवी मग ३८ दिवस जाईल. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. एकदम तोडू नका, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू खाली आणा आणि दर पंधरवड्याला वजन करा. त्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा, वजाबाकी करा. उचलवत नसेल तर ओळखीच्या वाण्याकडे किंवा रद्दीवाल्याकडे मोठा काटा असतोच.

आणि घरातल्या माणसांना आवरा. एका चपातीच्या सुमारे १०० कॅलरी होतात, तूप लावलं की जास्त. वरखाऊ गोष्टी दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे जाता कामा नयेत, म्हणजे एका चपातीतच मोत्याचा कोटा संपला. आजोबांनी चहाबरोबर दिलेली ग्लुकोजची बिस्किटंही यातच धरायची.

घरचं शिजवलेलं द्यायचं असेल तर जरूर द्या, मला ते आवडतं. पण अर्धं कोरडं खाद्य चालू ठेवा. उरलेल्या अर्ध्यात उकडलेलं चिकन, भात, भोपळा किंवा गाजर. कलेजी-पेटा स्वस्त मिळतो, पण कलेजी चिमूटभरच, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. शिजवलेलं हाड कधीच नको, ते फुटून आतड्यात घुसतं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको. आपल्या घरातल्या रश्श्यात कांदा असतोच, त्यामुळे उरलेला रस्सा-भात ही बचत नाही. पूर्ण आहार घरचाच द्यायचा ठरवलात तर मात्र कॅल्शियम कमी पडतं. त्यासाठी अंड्याची टरफलं धुऊन, भाजून, मिक्सरमधून अगदी बारीक करा. अर्धा किलो मांसामागे अर्धा चमचा पूड. तरीही एकदा तुमच्या डॉक्टरांकडून आहार तपासून घ्या.

मोठी पिशवी स्वस्त पडते, हे खरं. पण जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत उघडी पिशवी लवकर खराब होते, बुरशी धरते, तेल खवट होतं. पिशवी न फाडता तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात लहान पिशवी घ्या, भले किलोमागे चार पैसे जास्त गेले तरी.

पार्लर बंद करायला माझी हरकत नाही. देशी कुत्र्याच्या आखूड केसांना तीन-चार आठवड्यांनी एक आंघोळ पुरते, कुत्र्याच्या शाम्पूने, माणसांच्या नको. पावसात मात्र बोटांच्या मधली जागा जुन्या पंच्याने कोरडी करा, बुरशी तिथूनच सुरू होते. नखं कापायला मुलीला शिकवा. कुत्र्यांची कात्री एकदा घ्यायची आणि टोकाची पातळ चकती काढायची. काळ्या नखात आतली रक्ताची शीर दिसत नाही, म्हणून थोडं थोडंच. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं.

आणि लस सोडायची नाही. इथे मी मिस्टरांशी ठामपणे असहमत आहे. रेबीज झाल्यावर उपचार नाही, तुमच्या घरात लहान मूल आहे, आणि पालिकेच्या परवान्यालाही या लशीचा दाखला लागतो. लेप्टो हा उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार. चाळीच्या अंगणात जुलैमध्ये पाणी साचतं आणि त्यातून मोत्या चालतो, मग तो तुमच्या गादीवर बसतो. लेप्टो माणसालाही होतो. ती लस दरवर्षी, शक्यतो पावसाच्या आधी. पैसे वाचवायचे तर परळला जा. तुमच्यापासून चालण्याच्या अंतरावर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रांग असते, सकाळी लवकर गेलेलं बरं. ६ जुलै आणि २८ सप्टेंबर, म्हणजे जागतिक झुनोसिस (प्राण्यांकडून माणसांना होणारे आजार) दिन आणि जागतिक रेबीज दिन, या सुमारास अनेक ठिकाणी मोफत रेबीज लसीची शिबिरं असतात. लसीकरणाचं पुस्तक बरोबर न्या.

प्रश्न : आमच्याकडे एक कुत्रा आणि दोन मांजरी. गोचिडीच्या औषधाची मोठ्या कुत्र्याची ट्यूब घेऊन तिघांत वाटली तर चालेल का? — भांडुपमधील एक वाचक

उत्तर : नाही, नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. तेवढ्या औषधाने मांजराला थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याला असं औषध लावलंत तरी ते पूर्ण वाळेपर्यंत मांजरी त्याच्या अंगाला घासता कामा नयेत. प्रत्येकाचं वजन करा, आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मांजरांसाठी मांजरांचंच औषध मागा.

बचत घरात करा. गोचीड अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते, म्हणून औषध लावूनही ती परत येते. कुत्रा झोपतो तिथल्या भेगा, लादीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा, त्याचं अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यात धुवा. फिनाईलने पुसू नका, मांजरांचं यकृत ते सहन करू शकत नाही. कुत्रा जेवला नाही, ताप वाटला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर वाट न बघता रक्त तपासा. गोचीडतापाचं निदान पहिल्या दिवसांत झालं तर औषधं साधी आणि स्वस्त असतात. डॉक्टरांकडून औषधाचं कंपनीचं नव्हे, मूळ (जेनेरिक) नाव लिहून मागा. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं जनऔषधी केंद्रातही मिळतात. डोस मात्र त्यांनीच ठरवायचा.

प्रश्न : दोन बोक्यांच्या लिटरनेच, म्हणजे शी-शूच्या ट्रेमधल्या मातीनेच, आमचं बजेट कोलमडतं. रोज ट्रे बदलावा लागतो. कोळीण रोज माशांची डोकी देते, तेवढ्यावर भागेल का? — गोरेगाव

उत्तर : रोज पूर्ण ट्रे ओतून देऊ नका. ओल लागली की गोळा होणारी माती ५ ते ७ सेंटिमीटर भरा, दिवसातून दोनदा फक्त गोळे उचला आणि तेवढीच माती वर टाका. लाकडाच्या वखारीतला भुसाही चालतो, मात्र तो कोऱ्या लाकडाचा हवा, प्लायवूडचा नको. आधी जुन्या मातीत थोडाथोडा मिसळा, मांजरं अचानक बदल मानत नाहीत. यातलं काहीही संडासात टाकू नका, इमारतीचे पाइप तुंबतात.

माशांची डोकी उकडून, काटे काढून आठवड्यातून दोनदा. कच्चे मासे नकोत, आणि सुकटीत मीठ फार. मांजराला टॉरीन हा आवश्यक पोषक घटक मांसातून मिळवावा लागतो, म्हणून पूर्ण आहाराचं मांजरखाद्य मुख्य ठेवा आणि त्यात पाणी घाला. दूध-चपातीवर बोका जगवू नका. एक गोष्ट मात्र आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा : बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात न्यायचं. आणि दुखतंय म्हणून क्रोसिन कधीही द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.