वाचकांचे प्रश्न : न खेळण्याचा मोबदला

प्रश्न : अमेरिकेच्या महिला बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूएनबीएमध्ये, सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या डायना टॉरासीने २०१५ च्या हंगामात खेळू नये म्हणून रशियातील एका क्लबने तिला पैसे मोजले, असे वाचनात आले. ऐन भरातील खेळाडूला घरी बसवण्यात क्लबचा काय फायदा, आणि तिच्या अमेरिकी संघाने हे कसे चालवून घेतले? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, मात्र हे पैसे उन्हाळ्यातील विश्रांतीचे होते असे म्हटले, की व्यवहार लगेच ध्यानात येतो. अमेरिकेतील लीग मे महिन्यात सुरू होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालते आणि युरोपातील क्लबांचा हंगाम साधारण तिथूनच सुरू होऊन पुढच्या वसंतापर्यंत लांबतो. वेळापत्रक असे असल्यामुळे एकच खेळाडू दोन्हीकडे खेळू शकते, आणि पगार तसे असल्यामुळे तिला खेळावेच लागे. कनेक्टिकट विद्यापीठाला सलग तिसरे विजेतेपद मिळवून देऊन टॉरासी २००४ मध्ये ड्राफ्टमधील, म्हणजे लीगचे संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्या प्रक्रियेतील, पहिली निवड म्हणून फिनिक्स मर्क्युरी संघात दाखल झाली, तेव्हा अशा नवख्या खेळाडूचा वार्षिक पगार ४० हजार डॉलरच्या आसपास होता. दहा वर्षांनंतर, २००७, २००९ आणि २०१४ अशी तीन विजेतेपदे पदरी असताना, लीगच्या नियमानुसार तिला मिळू शकणारी कमाल रक्कमही १ लाख डॉलरच्या थोडीशीच वर होती. रशियाच्या उरल भागातील येकातेरिनबर्गचा संघ, म्हणजे आपण म्हणता तोच क्लब, मात्र तिला एका हंगामाचे सुमारे १५ लाख डॉलर देत असल्याची वृत्ते तेव्हा प्रसिद्ध झाली होती. या संघाच्या पाठीशी खाण आणि धातू उद्योगातील बडी कंपनी होती, त्यामुळे तिकीटविक्रीतून खर्च निघतो की नाही, याची त्याला फिकीर नव्हती. त्याला युरोपचे विजेतेपद हवे होते आणि त्यासाठी टॉरासी शरद ऋतूत ताजीतवानी होऊन यायला हवी होती.

फिनिक्स संघाची इच्छा असती, तरी पगाराची मर्यादा ओलांडून तिला थांबवणे नियमात बसणारे नव्हते. शिवाय त्या वेळी ती ३२ वर्षांची होती आणि दहा-अकरा वर्षे जवळजवळ अखंड खेळत होती. अमेरिकेतील हंगाम, युरोपातील हंगाम आणि मधल्या काळात ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धा, असा तिचा शिरस्ता होता. पैशासाठी तिने आपला संघ वाऱ्यावर सोडला, अशी टीका तेव्हा झाली. ती मला पटत नाही. ज्या नोकरीत वर्षाच्या पगाराचा मोठा हिस्सा मिळतो, त्या नोकरीसाठी शरीर राखणे यात गैर काय? पुढचा हिशेबही तिच्या बाजूने आहे. २०१६ मध्ये ती फिनिक्सकडे परतली, २०१७ मध्ये टीना थॉम्पसनला मागे टाकून लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारी खेळाडू ठरली, आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, अटलांटाविरुद्ध उतरली तेव्हा तिला १०,००० चा टप्पा गाठायला १८ गुण हवे होते. तिसऱ्या सत्रात तीन गुणांची फेक टाकून तिने तो ओलांडला आणि तिथे न थांबता त्या सामन्यात ४२ गुण केले. २०२४ मध्ये पॅरिसला अमेरिकेने फ्रान्सला ६७-६६ असे अवघ्या एका गुणाने हरवले, तेव्हा तिचे सहावे ऑलिंपिक सुवर्णपदक झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तिच्या नावावर १०,६४६ गुण होते.

प्रश्न : इतका पैसा मिळतो, तर सर्वच अमेरिकी खेळाडू आजही रशियाला का जात नाहीत? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : परदेशातील पैसा सुखासुखी कधीच मिळत नव्हता. टॉरासी स्पार्टाक मॉस्कोकडून खेळत असताना खेळाडूंची सर्वतोपरी बडदास्त ठेवणारे त्या क्लबचे मालक शबताई काल्मानोविच यांची नोव्हेंबर २००९ मध्ये मॉस्कोत गोळ्या घालून हत्या झाली. पुढच्या वर्षी ती इस्तंबूलच्या फेनरबाचेकडे गेली, तर तेथील उत्तेजक चाचणीत ती दोषी ठरली. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेने आपला अहवाल मागे घेतला आणि ती निर्दोष ठरली, पण तोवर तिचा तो हंगाम हातचा गेला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये, येकातेरिनबर्गकडूनच खेळणाऱ्या ब्रिटनी ग्रायनर या अमेरिकी खेळाडूला मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली आणि कैद्यांच्या अदलाबदलीत डिसेंबरमध्ये तिची सुटका होईपर्यंत ती रशियन कोठडीत होती. त्याच वर्षी युक्रेन युद्धामुळे रशियन क्लबही युरोपीय स्पर्धांबाहेर गेले, आणि आघाडीच्या अमेरिकी खेळाडूंनी तिकडे पाठ फिरवली.

दरम्यान डब्ल्यूएनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०२० च्या करारात अमेरिकेतील कमाल पगार २ लाख १५ हजार डॉलरपर्यंत गेला, पण त्याबरोबर अनुभवी खेळाडूंनी हंगामाला वेळेवर हजर राहण्याची सक्तीही आली. जानेवारी २०२५ पासून ब्रिआना स्टुअर्ट आणि नफीसा कॉलियर या खेळाडूंनीच ‘अनरायव्हल्ड’ ही तीन-विरुद्ध-तीन लीग मायामीत सुरू केली आहे. हिवाळ्यातली कमाई घरबसल्या व्हावी, हाच तिचा एक हेतू आहे.

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा संघात खेळते. भारतात राहून तिला अशी कारकीर्द घडवता येईल का? (एक पालक, सातारा)

उत्तर : अशी, म्हणजे निव्वळ क्लबच्या पगारावर, नाही. आपल्याकडे चांगल्या महिला खेळाडूचे पोट मुख्यतः क्रीडा कोट्यातील नोकरीवर चालते, आणि राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या संघाचा दबदबा आहे तो त्यामुळेच. केरळच्या गीतू ॲना जोस याही रेल्वेतल्याच. मेलबर्नजवळच्या रिंगवूड क्लबकडून त्या खेळल्या आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी त्यांना चाचणीसाठी बोलावले. निवड झाली नाही, पण तिथवर पोहोचणेही लहान गोष्ट नव्हती. बेंगळुरूच्या संजना रमेश यांनी दुसरी वाट धरली आणि त्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या संघातून खेळल्या. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी तर भारताचे कर्णधारपद भूषवले आहे. आपल्या मुलीला अमेरिकी विद्यापीठाची वाट धरायची असेल, तर बारावीचे गुण आणि तिच्या पूर्ण सामन्यांचे चित्रीकरण ही तयारी आतापासूनच ठेवावी. प्रशिक्षक केवळ निवडक बास्केट पाहून निर्णय घेत नाहीत, चेंडू हातात नसताना ती काय करते तेही पाहतात.