एफडी मोडू नका, चाकगाडीही आत्ता नको

प्रश्न (सातारा): आमच्या 9 वर्षांच्या लॅब्राडॉरला खुब्याचा संधिवात आहे. वजन 38 किलो. लंगडतो, पण चालतो. पुण्यात पाण्यातल्या व्यायामाच्या 12 सत्रांचे 24,000 आणि मागच्या पायांच्या चाकगाडीचे 16,000 सांगितलेत. 2 लाखांची एफडी मोडू का? घरखर्च जाऊन महिन्याला 6,000 उरतात.

ताई, 40,000 हा हिशेबच अपुरा आहे. पुण्याच्या फेरीला पेट्रोल आणि आनेवाडी, खेड-शिवापूरचे टोल धरून 1,800 तरी जातील. 12 फेऱ्यांचे 21,600. त्यात परतताना दोन-अडीच तास गाडीत बसून सांधे पुन्हा आखडणार. शिवाय हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. म्हणजे खर्च एकरकमी नाही, दरमहा आहे, तोही कुत्रा असेपर्यंत. एफडी त्यासाठीच राखून ठेवा.

पहिला पैसा वेदनेवर घाला. दुखणाऱ्या पायाने व्यायाम होत नाही. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे दाखवा, यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून मगच वेदनाशामक सुरू करा. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कृपा करून देऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होतं.

दुसरं काम जवळपास फुकटचं: वजन. 6 ते 8 टक्के उतरलं तरी लंगडणं कमी होतं. त्याच्या बाबतीत अडीच-तीन किलो. खाणं वाटीने नको, वजनकाट्यावर मोजा. चपाती, बिस्किटं बंद. आठवड्याला 300-400 ग्रॅम उतरणं पुरे. गुळगुळीत फरशीवर तो वावरतो तिथे रबरी मॅट टाका, नखं कापलेली ठेवा. पाय घसरला की दुखरा सांधा आणखी ताणला जातो.

पाण्यातला व्यायाम चांगलाच आहे, पाणी वजन पेलतं आणि स्नायू काम करतात. पण दोन महिन्यांनी, आणि आधी चारच सत्रं. मांडीचा घेर दर वेळी एकाच जागी टेपने मोजा. वाढला तर पुढची घ्या. पैसे कमी पडलेच तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर उचल, काढा. तो साधारण एफडीच्या दरापेक्षा 1-2 टक्के महाग असतो, वापराल तेवढ्यावरच व्याज लागतं. 30,000 सहा महिने 8 टक्क्यांनी वापरले तर 1,200. एफडी मोडली तर दंड पूर्ण 2 लाखांवर बसेल.

श्वानविमा आता या दुखण्यासाठी घेऊ नका, आधीचा आजार त्यात धरत नाहीत.

चाकगाडी मापाची असते. आज घेतलीत तर तीन किलो उतरल्यावर सैल होऊन जांघेत घासेल, जखमा होतील. मागचे पाय खरंच उचलेनात तेव्हाच ती घ्या, आणि तेव्हाही पुढचे पाय, कोपर आधी तपासून. तोवर पायऱ्यांवर पोटाखालून जाड टॉवेल धरला की भागतं.