स्टार वॉर्सच्या जुन्या कार्डांच्या चौकटी वेगवेगळ्या रंगांच्या का असतात?

रंगावरून मालिका ओळखायची. १९७७ साली चित्रपट आला आणि टॉप्स या अमेरिकी कंपनीने च्युइंगमच्या पाकिटांतून ही कार्डं विकायला काढली. पहिली ६६ निळी. ती हातोहात खपली, मग लाल, पिवळी, हिरवी, नारिंगी अशा आणखी चार मालिका आल्या. एकूण ३३० कार्डं, वर ५५ स्टिकर! एकाच चित्रपटातून इतकी चित्रं काढायची म्हणजे ओढाताण होणारच. नारिंगी मालिकेत तर पडद्यामागचे फोटोही आहेत.

सगळ्यात गाजलं ते हिरव्यातलं २०७ क्रमांकाचं, सी-थ्रीपीओ या सोनेरी यंत्रमानवाचं कार्ड. फोटोत त्याच्या कमरेखाली नको तो आकार दिसत होता. टॉप्सने तो पुसून कार्ड पुन्हा छापलं. संग्राहक अर्थातच आधीचं, चुकीचंच शोधतात.