वाचकांचे प्रश्न : बेलुगा देवमासा

प्रश्न : बेलुगा देवमासा माणसासारखे बोलतो, असे वाचनात आले. हे खरे आहे का? आणि पाण्याखाली तो आवाज काढतो तरी कसा?

उत्तर : बेलुगाचा आवाज आपल्यासारखा घशातून निघत नाही. डोक्यावरच्या श्वासरंध्राच्या खाली, नाकाच्या मार्गातच, ओठांसारख्या दिसणाऱ्या ऊतींच्या जोड्या असतात; त्यांच्यामधून हवा दाबाने जाऊ लागली की त्या थरथरतात आणि आवाज निर्माण होतो. ही हवा जवळच्याच पिशव्यांमध्ये साठते आणि पुन्हा वापरता येते, त्यामुळे श्वास रोखून खोल बुडी मारलेली असतानाही बेलुगाचे शीळ घालणे, टकटकणे, किंचाळणे चालूच राहते. या बडबडीमुळेच जुन्या खलाशांनी त्याला ‘समुद्रातील कॅनरी’ (कॅनरी हा एक गाणारा पक्षी) म्हटले. कपाळावरचा चरबीचा मऊ उंचवटा, ज्याला शास्त्रज्ञ ‘मेलन’ म्हणतात, हा आवाज एकवटून पुढे पाठवतो आणि समोरच्या वस्तूवरून परतलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीमार्फत कानापर्यंत पोहोचतो. अंधाऱ्या पाण्यात भक्ष्य शोधणे आणि बर्फाच्या छताखाली श्वास घेण्यापुरती फट हुडकणे, ही दोन्ही कामे मुख्यतः या प्रतिध्वनीच्या आधारे होतात.

मेलन इतर दंतधारी देवमाशांनाही असतो, परंतु बेलुगा स्नायूंच्या साहाय्याने त्याचा आकार डोळ्यांना दिसेल इतका बदलू शकतो. मत्स्यालयांतील बेलुगांवर केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे पाच आकार नोंदवले गेले. समोरचा बेलुगा पाहू शकेल अशा स्थितीतच ते बहुतांश वेळा दिसले, त्यामुळे हा उंचवटा चेहऱ्यावरील हावभावांसारखेही काम करत असावा, असे मानण्यास जागा आहे.

आता बोलण्याविषयी. अमेरिकेच्या नौदलाने सॅन दिएगो येथे पाळलेला ‘नॉक’ नावाचा बेलुगा १९८४ च्या सुमारास माणसांच्या संभाषणासारखे आवाज काढू लागला. टाकीत उतरलेला एक पाणबुड्या तर आपल्याला कोणी बाहेर यायला सांगितले, असे विचारत वर आला होता. ध्वनिमुद्रणांच्या विश्लेषणातून असे दिसले की नॉक आपल्या नेहमीच्या आवाजापेक्षा कित्येक सप्तके खाली उतरत होता आणि त्यासाठी नाकातील हवेचा दाब मोठ्या प्रमाणात वाढवत होता. हे विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे हा योगायोग नव्हता, पण संभाषणही नव्हते. ती कष्टपूर्वक केलेली नक्कल होती. मला स्वतःला त्याहून महत्त्वाचे वाटते ते बेलुगांचे आपसातील बोलावणे. माता आणि पिल्लू एकमेकांशी संपर्क राखण्यासाठी विशिष्ट आवाज वापरतात. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाशी जहाजांचा गोंगाट वाढला की बेलुगांना आपला आवाज चढवावा लागतो, हेही मोजमापांतून दिसले आहे. पिल्लाचा क्षीण आवाज अशा वेळी सहज बुडून जातो.

प्रश्न : बेलुगा जन्मतः पांढरा असतो का? त्याच्या पाठीवर पर का नसतो?

उत्तर : पिल्लू करडे जन्मते आणि पूर्ण पांढरे होण्यास अनेक वर्षे लागतात. प्रौढाची कातडीही वर्षभर शुभ्र राहत नाही. जुनी होऊन ती पिवळसर पडते. उन्हाळ्यात बेलुगांचे कळप उथळ खाड्यांत आणि नदीमुखांत शिरतात व तळाच्या गोट्यांवर अंग घासून ती काढून टाकतात. कॅनडाच्या सॉमरसेट बेटावरील कनिंगहॅम खाडी यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील तुलनेने उबदार पाण्यात नवी कातडी लवकर वाढते. पाठीवर पराऐवजी केवळ कठीण कंगोरा असतो; उंच पर बर्फाखाली पोहताना अडला असता आणि शरीरातील उष्णताही त्यातून गेली असती. बहुतेक देवमाशांच्या मानेचे मणके एकमेकांशी जुळलेले असतात, बेलुगाचे मात्र सुटे असतात, म्हणून तो मान वळवून बाजूला पाहू शकतो.

प्रश्न : बेलुगा नेहमी हसताना दिसतो. तो खरेच आनंदी असतो का?

उत्तर : ती केवळ तोंडाची ठेवण आहे. आजारी बेलुगाही तसाच दिसतो.

प्रश्न : बेलुगाचे वय कसे मोजतात?

उत्तर : दाताचा छेद घेऊन त्यातील थर मोजतात. वर्षाला दोन थर तयार होतात, असे दीर्घकाळ मानले जात असे. परंतु अणुचाचण्यांमुळे समुद्रात मिसळलेला किरणोत्सारी कार्बन नेमका कोणत्या थरात आढळतो, हे तपासल्यावर वर्षाला एकच थर बनत असल्याचे निष्पन्न झाले, आणि त्या एका दुरुस्तीने पूर्वी अंदाजलेली सारी वये दुप्पट झाली. सत्तरीपर्यंत पोहोचणारे बेलुगा असतात, हे त्यामुळे स्पष्ट झाले. गर्भकाळ सुमारे चौदा ते पंधरा महिन्यांचा आणि अंगावर पाजणे साधारण दोन वर्षे चालत असल्याने मादीला तीनेक वर्षांतून एकच पिल्लू होते. २०१८ मधील एका संशोधनानुसार प्रजननक्षमता संपल्यानंतरही बेलुगा माद्या बराच काळ जगतात, आणि ही गोष्ट प्राणिसृष्टीत माणूस व काही मोजक्या दंतधारी देवमाशांखेरीज फारशी आढळत नाही.